महालक्ष्म्यांपुढचं इंजिन

लक्ष्मीकांत बुलढाण्याच्या कोर्टात नकलनवीस होता. दावे, जबाब, निकाल यांच्या नकला करायच्या आणि खाली 'अस्सलबरहुकूम' असं लिहून सही ठोकायची, हे त्याचं काम. वर्षानुवर्षं लोकांची भांडणं सुवाच्य अक्षरात उतरवून काढता काढता त्याची अशी समजूत होऊन बसली होती, की जगातल्या कुठल्याही वस्तूची हुबेहूब नक्कल आपल्याला करता येते. कागदावर येते, तर लाकडात आणि पत्र्यात का येऊ नये? ही समजूत त्याच्या एकट्याचीच होती, आणि तिला धक्का लागेल असं काही त्यानं तोवर केलंही नव्हतं. म्हणजे काहीच केलं नव्हतं.

ठिणगी पडली ती खामगावात. तिथं त्याचा साडू वैजनाथ रेडिओदुरुस्तीचं दुकान चालवायचा. चौसष्ट सालच्या गणपतीत वैजनाथनं घरातल्या गणपतीपुढं कारंजं उडवलं. माळ्यावर पाण्याचा पिंप, तिथून भिंतीमागनं रबरी नळी, आणि खाली जस्ताच्या कमळातून थुईथुई पाणी. बघायला गल्लीच्या टोकापर्यंत माणसं उभी. लक्ष्मीकांतनं ते कारंजं नीट निरखलं आणि त्यात काहीही विशेष नाही, पाणी वरून खाली येतं हे जगाला ठाऊक आहे, असा निर्णय मनातल्या मनात देऊन टाकला. पण परतीच्या एस.टी.त बोथ्याचा घाट चढताना त्याची बायको प्रतिमा म्हणाली, "वैजनाथभाऊजींच्या हातात कला आहे हो." आणि त्या एका वाक्यानं निकाल फिरला.

"पुढच्या साली आपल्याकडं महालक्ष्म्यांपुढं रेल्वे," लक्ष्मीकांतनं तिथंच, घाटाच्या वळणावर जाहीर केलं.

"कोणाची?"

"कोणाची म्हणजे? शेगावचं स्टेशन. इंजिन, फलाट, पाण्याची टाकी. सगळं मापात. अस्सलबरहुकूम."

"महालक्ष्म्याईले रेल्वे कायले पायजे?" प्रतिमा म्हणाली. ती शेगावची. तिचं माहेर स्टेशनाच्या अगदी पाठीमागं, वडील गुलाबराव त्याच स्टेशनावर जन्मभर पार्सल क्लार्क. तिला रेल्वेचं अप्रूप नव्हतं. आणि लक्ष्मीकांतला खरं कारण सांगता येण्यासारखं नव्हतं. म्हणून त्यानं बुलढाण्यात आजतागायत रेल्वे आली नाही, जिल्ह्याचं ठिकाण असून माणसाला आगगाडी बघायची तर मलकापूर नाहीतर शेगाव गाठावं लागतं, हा आपल्या गावावर झालेला अन्याय आहे, असं एक भाषण केलं. पुढच्या सीटवरच्या माणसानं मान हलवली. तेवढ्यानं लक्ष्मीकांतला वाटलं, की आपण आता जनतेच्या आग्रहावरून उभे आहोत.

त्यानंतर कितीतरी महिने त्यानं विचार केला. विचार करण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. पासष्टचा श्रावण लागला, महालक्ष्म्या महिन्यावर आल्या आणि प्रतिमेनं विचारलं, "रेल्वेचं राह्यलं का मग?" तेव्हा कुठं त्यानं शेजारच्या शालूबाईंकडून शिवणकामाची टेप मागून आणली आणि एका गुरुवारी शेगावची गाडी धरली.

गुरुवार निवडण्यात अक्कल अशी होती, की त्या दिवशी महाराजांच्या दर्शनाला गर्दी असते, आपल्याकडं कुणाचं लक्ष जाणार नाही. नेमकं उलटं झालं. बाजूच्या रुळावर मालगाडीचं इंजिन पाणी घेत उभं होतं. लक्ष्मीकांतनं टेप काढली, चाकाचा व्यास घेतला, कागदावर टिपला. मग बफर जमिनीपासून किती उंच ते वाकून मोजलं, बॉयलरखाली डोकं घातलं, पुन्हा टिपलं. फलाटावरची माणसं जमू लागली. त्या दिवसांत रेडिओवर रोज काश्मीरच्या बातम्या होत्या. जिल्ह्यात ठिकठिकाणी हेर फिरतात असं लोक बोलत होते, आणि ते हेर दिसतात कसे हे कुणालाच माहीत नसल्यामुळं कुणीही चालण्यासारखं होतं.

"काय मोजून राह्यले भाऊ?" एका पटकेवाल्यानं विचारलं.

"इंजिन."

"कायले?"

इथं लक्ष्मीकांतनं कोर्टातला आवाज लावला. "ते मला सांगता येत नाही," तो म्हणाला. खरंच येत नव्हतं. लाज वाटत होती. पण त्या उत्तरानंतर त्याच्या दोन्ही दंडांना दोन माणसांनी धरलं, आणि शालूबाईंची टेप तिसऱ्याच्या हातात गेली.

त्याला फलाटावरच्या एका खोलीत नेऊन बाकावर बसवलं. दाराशी गर्दी. स्टेशनमास्तर यायला अर्धा तास लागला. तेवढा वेळ लक्ष्मीकांत खिडकीतून इंजिनाकडं बघत होता आणि त्याच्या मनात एकच काळजी होती, की ड्रायव्हरच्या खोपीची उंची घ्यायची राहिली आणि आता हे निघून जाणार.

स्टेशनमास्तर वयस्कर, चष्मेवाले. त्यांनी कागद पाहिला. आकडे सुंदर होते, नकलनवीसाचे ते. "कोणासाठी मापं घेतलीत?" त्यांनी विचारलं.

"महालक्ष्म्यांसाठी."

मास्तरांनी कागद पुन्हा एकदा डोळ्यांजवळ धरला. मग दाराशी कुणीतरी फिसकन हसलं, आणि ते हसू फलाटभर गेलं. त्यापेक्षा हेर ठरलो असतो तर निदान इभ्रत राहिली असती, असं लक्ष्मीकांतला वाटून गेलं. त्यानं सगळं सांगितलं, कारंजं वगळून. सासऱ्यांचं नाव घेतल्यावर मास्तर म्हणाले, "गुलाबरावांचे जावई? अहो, मग तोंडातून काढायचं पहिले." त्यांनी चहा मागवला. इंजिनाचा ड्रायव्हर तर इतका खूश झाला, की टेपचं दुसरं टोक धरायला तो स्वतः वर चढला. "आमचं इंजिन लक्ष्मीपुढं बसून राह्यलं म्हणता," तो सारखा म्हणत होता. "धुरांड्याचं माप बराबर घ्या साहेब. धुरांडं चुकलं का इंजिनाचा बंब होते."

घरी आल्यावर कामाला सुरुवात झाली. फुटाला पाऊण इंच असं प्रमाण धरलं. हे प्रमाण फार शास्त्रीय आहे असं तो प्रतिमेला म्हणाला; खरं म्हणजे डालडाचा डबा बॉयलरच्या मापाला त्याच प्रमाणात बसत होता. दोन डबे एकाला एक डाखून बॉयलर झालं. चाकं चहाच्या खोक्याच्या फळीतून कानशीनं घासून गोल केली. पहिली चार अंडाकृती आली, ती पाण्याच्या टाकीच्या पायाखाली खपवली. चाकांचे आरे बांबूच्या कामट्यांचे, दांडे मोडक्या छत्रीच्या काड्यांचे. धुरांडं म्हणजे शालूबाईंच्याच मशीनचं रिकामं रीळ, वर पत्र्याची कड. बॉयलरवरचा घुमट काही केल्या जमेना. मग एके दिवशी प्रतिमेच्या करंड्याचं झाकण नाहीसं झालं आणि घुमट जमला.

"माझ्या करंड्याचं झाकण पाह्यलं का?"

"नाही," लक्ष्मीकांत म्हणाला. घुमटाला काळा रंग लागायचा होता, तोवर तो त्याच्यासमोर पाठ करून बसला होता.

आणि मग रिव्हेटा. इंजिनाच्या अंगावर शेकड्यांनी रिव्हेटा असतात, आणि त्यांच्याशिवाय इंजिन म्हणजे नुसता डबा. लक्ष्मीकांतला मोहरी सुचली. एकेक दाणा चिमट्यानं उचलायचा, खळीत बुडवायचा, ओळीत चिकटवायचा. कोर्टातून आला की हात धुऊन तो त्याला बसायचा. शेवटची ओळ लावून त्यानं इंजिन दुरून पाहिलं, तेव्हा त्याचा ऊर भरून आला. वैजनाथ आत्ता इथं असायला हवा होता, असं त्याला मनापासून वाटलं.

वैजनाथ नव्हता ते बरं झालं. दुसऱ्या दिवसापासून पावसाची झड लागली. सूर्य नाही, घरात दोऱ्यांवर ओले कपडे, भिंतींना पाझर. रंग लावायचा तर वाळायचा नाही, म्हणून इंजिन कोपऱ्यात फडक्याखाली ठेवून दिलं. झड उघडली तेव्हा लक्ष्मीकांतनं फडकं काढलं. इंजिन उगवलं होतं. बॉयलरच्या दोन्ही अंगांनी, खोपीवर, कोळशाच्या डब्यावर, सरळ सरळ ओळींत, नाजूक हिरवे कोंब. माप अचूक असल्यामुळं ओळी फार सुरेख दिसत होत्या.

प्रतिमा पदर तोंडाला लावून आत गेली. मग शालूबाईंना घेऊन आली. शालूबाईंनी हात जोडले. "देवीपुढच्या वस्तूले कोंब आला, चांगला शकुन हाय भाऊ," त्या म्हणाल्या. "राहू द्या तसंच."

"शेगावच्या इंजिनाला कोंब नसतात," लक्ष्मीकांत म्हणाला. हे वाक्य आपण आयुष्यात कधी उच्चारू असं त्याला वाटलं नव्हतं.

त्यानं सगळे कोंब उपटले. नवी मोहरी तव्यावर भाजून घ्यायची म्हणजे उगवायची भीती नाही, ही युक्ती त्याची स्वतःची. तवा किती तापवायचा हे त्यानं कुणाला विचारलं नाही, हाही अभिमान त्याचाच. मोहरी तडतडून चुलीपासून देवघरापर्यंत उडाली, एक दाणा त्याच्या पापणीवर बसला, आणि दुसऱ्या दिवशी कोर्टात शिरस्तेदारांनी विचारलं, "डोळे आले का लक्ष्मीकांतराव?" तो "हाव" म्हणाला.

रंग मात्र त्याला साधला. इतका साधला, की त्याचं त्यालाच नवल वाटलं. आधी काजळी आणि सरस कालवून हात दिला, तर इंजिन नव्या कढईसारखं चमकू लागलं. शेगावचं इंजिन तर असं नव्हतं. ते राबलेलं होतं. मग त्यानं राख घासून चकाकी मारली. खोपीच्या पायरीवर, जिथं माणसाचा पाय पडून पडून लोखंड उघडं होतं, तिथं शिसपेन्सिलीची भुकटी बोटानं चोळली. सांध्यांना गेरूचा गंज दिला. पाणी सांडून सांडून ओघळ येतात तिथं चुन्याचे पांढरे ओघळ सोडले, आणि चाकांच्या मधोमध तेलाचा एकेक काळा थेंब. ते करताना तो वैजनाथला विसरला होता, कारंजं विसरला होता. रविवारची सगळी दुपार एका ओघळावर गेली, आणि जेवायचं राहिलं हे त्याला प्रतिमेनं सांगितल्यावर कळलं.

महालक्ष्म्या दोन दिवसांवर आल्या तेव्हा एक साधी गोष्ट ध्यानात आली. समोरची खोली एकच होती. त्यात ज्येष्ठा, कनिष्ठा, त्यांची बाळं, वर फुलोरा टांगायचा, पुढं सोळा भाज्यांची ताटं. इंजिन कोळशाच्या डब्यासकट पावणेचार फूट झालं होतं आणि फलाट त्याहून लांब.

"महालक्ष्म्या उभ्या कुठं करू?" प्रतिमेनं विचारलं. "का त्याईलेही गाडीत बसवता?"

लक्ष्मीकांतनं करवत घेतली आणि फलाट अर्ध्यावर कापला. कापलेल्या भागात स्टेशनातलं काय काय गेलं याचा त्यानं विचार केला नाही. इंजिन सबंध राहिलं, एवढं त्याला पुरे होतं.

आवाहनाच्या दिवशी सकाळच्या गाडीनं सासूबाई आल्या. सुभद्राबाई. गुलाबराव जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. कामाला वाघ, बोलायला मोजक्या. आल्या तशा पदर खोचून त्यांनी घर झाडायला घेतलं. लक्ष्मीकांत कोर्टात गेला. दुपारी लवकर सुटून आला, चपला काढल्या, आणि दारातच उभा राहिला.

इंजिन लखलखत होतं. सुभद्राबाईंनी ते ओल्या फडक्यानं पुसून, वर खोबरेल तेलाचा हात फिरवून ठेवलं होतं. राख गेली होती, गंज गेला होता, ओघळ गेले होते. रविवारची ती दुपार एका फडक्यात गुंडाळून मोरीच्या कडेला वाळत पडली होती.

"केवढी घाण बसली होती हो त्याच्यावर," सुभद्राबाई म्हणाल्या. "देवीपुढं ठेवायचं, अन् असं? चांगलं घासून घेतलं."

लक्ष्मीकांतला बरंच काही बोलायचं होतं. पण सासूला जावई काय म्हणणार? "ती घाण मी लावली होती" असं म्हणावं, तर ते वाक्य कुठल्याच कोर्टात टिकलं नसतं. तो "बरं झालं" म्हणाला आणि मोरीवर जाऊन उगाच पाय धूत बसला.

बाहेर आला तर सुभद्राबाई फलाटापुढं मांडी घालून बसलेल्या. एकेक वस्तू बोटानं न शिवता दाखवत होत्या, स्वतःलाच. "हे पाण्याची टाकी. हे घंटा. हा लिंब, अगदी असाच वाकडा आहे." मग फलाटाच्या कापलेल्या कडेशी त्यांचं बोट थांबलं. "अन् ह्यायचं ऑफिस?"

लक्ष्मीकांतला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. नवऱ्याचं नाव त्या घेत नसत. घंटेच्या पुढं, दुसऱ्याच दाराला, पार्सल ऑफिस. तीस वर्षं गुलाबराव त्या खोलीत बसले. आणि तीच ती खोली. हेर म्हणून धरून आणल्यावर त्याला बसवलं होतं तीच. अर्धा तास तो तिथं होता. त्यानं आठवायचा प्रयत्न केला, की टेबल कुठं होतं, कपाट होतं की नव्हतं, भिंतीला काय रंग होता. काही आठवेना. त्याला फक्त खिडकी आठवत होती आणि खिडकीबाहेरचं इंजिन.

"जागा पुरली नाही," तो म्हणाला.

"असू द्या," सुभद्राबाई उठत म्हणाल्या. "इंजिन मोठं आहे. त्याले जागा लागतेच."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. टोमण्याला उत्तर देता येतं.

दुसऱ्या दिवशी पूजनाची सुटी. घरात पुरण शिजत होतं, आंबिलीचा वास, प्रतिमेला बोलायला सवड नव्हती. लक्ष्मीकांतनं जोड्यांचं रिकामं खोकं घेतलं आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी जाऊन बसला. सुभद्राबाई आत भाज्या चिरत होत्या.

"आई, दार कोणत्या अंगाला होतं?"

त्यांनी विळीवरून मान वर केली. खोक्याकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "डाव्या. अन् समोर खिडकी."

"उंची किती असेल दाराची?"

सुभद्राबाईंनी भाजीचा हात डोक्याच्या बराच वर नेला. "टोपी लागायची नाही ह्यायची. असं भरभक्कम दार." लक्ष्मीकांतनं मनात हिशेब केला, त्या मापानं दारातून इंजिनच आत गेलं असतं. पण त्यानं कात्री चालवली तशीच. खिडकी विचारली, तर त्या म्हणाल्या मागच्या अंगाला आणखी एक होती, मोठी, तिच्यातून घर दिसायचं, मी परसात वाळवण घालायची ते ह्यायले दिसायचं. तीही मोठी कापली. टेबलही मोठं निघालं. वजनकाटा टेबलाहून मोठा. भिंतीला खुंटी, खुंटीला छत्री. गवार संपली, भेंडी संपली, आणि सुभद्राबाई बोलत राहिल्या. पार्सलात एकदा कुणाच्या आंब्याच्या पेट्या आल्या होत्या आणि मालक आलाच नाही, तेव्हा स्टेशनभर वास सुटला होता. एकदा एक मोर आला होता, पिंजऱ्यात; ह्यायनं त्याले आपल्या डब्यातली पोळी चारली. प्रतिमा पुरण घोटता घोटता थांबली. "हे तू मले कधी सांगितलं नाई," ती म्हणाली.

"तू कधी विचारलं?" सुभद्राबाई म्हणाल्या.

शेवटी माणूस. लक्ष्मीकांतनं शाडूचा केला, प्रमाणात, साडेचार इंचांचा, टोपी घातलेला. सुभद्राबाईंनी तळहातावर घेऊन पाहिला आणि परत दिला.

"एवढुसे नव्हते ते."

त्यानं वाढवला. त्यांनी मान हलवली. त्यानं आणखी वाढवला. फुटाला पाऊण इंच या शास्त्रीय प्रमाणानं पाहिलं, तर लक्ष्मीकांतचे सासरे नऊ फुटांचे झाले. "हाव," सुभद्राबाई म्हणाल्या. "आता दिसते." त्यानं ओल्या शाडूलाच रंग दिला, गडबडीत टोपीचा काळा रंग कपाळावर उतरला, कोटाचं एक बटण वर आणि एक खाली गेलं. नकलनवीसाच्या नोकरीत असा कागद त्यानं फाडून टाकला असता. फलाटाच्या कापलेल्या कडेला, महालक्ष्म्यांच्या पाटाला अगदी खेटून, ते ऑफिस बसलं. त्याच्या शेजारी इंजिन लहान पोराच्या खेळण्यासारखं दिसू लागलं.

दुपारी वैजनाथ आला, बायकोला घेऊन, महालक्ष्म्यांच्या जेवणाला. गावात तोवर बातमी फिरली होती, की बुलढाण्यात रेल्वे आली, कोर्टाच्या लक्ष्मीकांतकडं. वैजनाथनं हात पाठीशी बांधून सगळं पाहिलं. वाकून पाहिलं. रिव्हेटा पाहिल्या. लक्ष्मीकांत त्याच्या मागोमाग सरकत होता. वर्षभर तो या घटकेची वाट बघत होता.

"छान," वैजनाथ म्हणाला. "चालते का?"

"काय?"

"इंजिन. चालते का?"

लक्ष्मीकांतनं चाकं सरसानं चिकटवली होती. इंजिन चालायलाही हवं हा मुद्दा त्याच्या डोक्यात एकदाही आला नव्हता. "उभं आहे," तो म्हणाला. "स्टेशनात गाडी उभीच असते." वैजनाथनं समजुतीनं मान हलवली आणि तो पानावर बसला. वरणात तूप वाढून घेताना तो म्हणाला, "पुढच्या टायमाला मले सांगा. एक छोटी मोटर टाकू." त्याचा स्वर इतका प्रेमळ होता, की लक्ष्मीकांतला त्याचा रागही नीट धरता येईना. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, मोटर टाकायला हवी होती हे त्याला पटलं.

संध्याकाळी बायका हळदीकुंकवाला आल्या. एरवी अशा वेळी सुभद्राबाई मागच्या खोलीत जाऊन बसत. गुलाबराव गेल्यापासून हा त्यांनीच स्वतःला घातलेला नेम होता. त्या दिवशीही त्या उठल्या होत्या. पण पहिल्याच घोळक्यातल्या मनकर्णाबाईंनी फलाटाकडं बोट केलं. "हा एवढा मोठा माणूस कोण हो?"

प्रतिमेच्या हातात करंडा होता. ती काही बोलणार, एवढ्यात मागच्या दाराशी पोचलेल्या सुभद्राबाई वळल्या. "ते पार्सल ऑफिस आहे," त्या म्हणाल्या. "आमचे तिथं होते."

आणि त्या फलाटाशेजारी येऊन बसल्या. बायका येत गेल्या, प्रत्येकीला त्यांनी दार दाखवलं, खिडकी दाखवली, वजनकाटा दाखवला. मोराची गोष्ट सांगितली. मोराची गोष्ट दर खेपेला थोडी लांबत होती. शेवटच्या घोळक्यापर्यंत मोरानं पिंजऱ्यात पिसाराही फुलवला. कुणी त्यांना आत जा म्हटलं नाही. बायकांनी महालक्ष्म्यांना कुंकू लावलं, मग कुणीतरी इंजिनालाही लावलं, आणि मग सगळ्याच लावू लागल्या. तेल पाजलेल्या काळ्या बॉयलरवर कुंकू फार उठून दिसत होतं.

लक्ष्मीकांत ओसरीत बसून हे ऐकत होता. इंजिनाबद्दल कुणी एक शब्द बोलत नव्हतं. चाकांच्या आऱ्यांबद्दल नाही, छत्रीच्या काड्यांबद्दल नाही. आपल्याच हातच्या जोड्यांच्या खोक्याचा आपल्याला मत्सर वाटतोय हे ध्यानात आल्यावर त्याला हसू आलं, आणि ते दाबायला त्यानं सुपारी तोंडात टाकली.

विसर्जनानंतर दोन दिवसांनी सुभद्राबाई निघाल्या. जाताना ऑफिस घेऊन जाते म्हणाल्या. लक्ष्मीकांत म्हणाला, "चार दिवस राहू द्या आई. दार मापात करून देतो, कोटाची बटणं सारखी करतो, नीट रंगवतो. रंगवून झालं की मी स्वतः आणून देईन."

"नको," त्या म्हणाल्या. "तुम्ही नीट कराल अन् ते बिघडेल."

प्रतिमा मोठ्यानं हसली. लक्ष्मीकांतनं सासूबाईंची पिशवी उचलली. एस.टी. स्टँडवर त्यानं सासूबाईंना खिडकीजवळची जागा धरून दिली. खोकं वर सामानाच्या फळीवर ठेवायला तो हात पुढं करत होता, पण त्यांनी ते मांडीवर घेतलं आणि दोन्ही हातांनी कड धरली. शेजारच्या बाईनं वाकून आत पाहिलं.

"काय नेऊन राह्यल्या हो?"

सुभद्राबाईंनी पदर सारखा केला. "सांगते," त्या म्हणाल्या. "जरा सरकून बसा. मोठी गोष्ट आहे."

गाडी हलली. लक्ष्मीकांत खिडकीबरोबर चार पावलं चालला. आतून मोराचा उल्लेख ऐकू आला, आणि मग गाडीनं वळण घेतलं.